चार रिकामे चौकोन

लिफ्टमध्ये आरशाच्या शेजारी एक कागद चिकटवलेला होता. सोसायटीच्या सूचना असतात तसाच. वर मधोमध 'सूचना', खाली 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की,' मग 'पुढीलप्रमाणे :-' आणि त्याखाली चार ओळी. शनिवारी टाकी धुण्याचे काम होईल. सकाळी ८ ते सायंकाळी ६ पाणी बंद राहील. रविवारी पंपाची दुरुस्ती आहे. टँकर मागविण्यात आला आहे. प्रत्येक ओळीच्या आधी एक उभट, रिकामा चौकोन. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दुसऱ्या आणि चौथ्या चौकोनात कुणीतरी निळ्या बॉलपेननं 'बरोबर'च्या खुणा केलेल्या होत्या. अगदी नीट, चौकोनाच्या आत बसतील अशा. खुणा करणाऱ्याची काहीच चूक नव्हती. सरकारी अर्जापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे रिकामा चौकोन दिसला की तिथे खूण करायची असते, हे आपल्या हाताला पाठ झालेलं आहे. टँकर हवा आहे का, असं कागद विचारतोय असंच त्याला वाटलं असणार. पण ते चौकोन विचारण्यासाठी काढलेले नव्हते. तिथे चार काळे ठिपके असायला हवे होते. ते वाटेत कुठेतरी हरवले आणि त्यांच्या रिकाम्या जागा तेवढ्या छापून आल्या.

हे कसं होतं ते सांगण्यासारखं आहे. विंडोजवरच्या वर्डमध्ये बुलेटचं बटण दाबलं की जो गोल ठिपका उमटतो, तो बहुतेक वेळा आपण लिहीत असलेल्या फाँटातला नसतोच. मजकूर मंगलमध्ये असो, कोकिळामध्ये असो की मुक्तामध्ये, ठिपका येतो 'सिम्बॉल' नावाच्या जुन्या फाँटातून. त्या फाँटात १८३ क्रमांकाच्या घरात हा ठिपका बसवलेला आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य तक्त्यात, अशा चिन्ह-फाँटांची घरं 'खासगी वापरासाठी' राखलेल्या पट्ट्यात ढकलली जातात, म्हणून फाईलमध्ये प्रत्यक्षात साठवला जातो तो ६१६२३ हा आकडा. खासगी पट्ट्यातल्या आकड्याला सर्वमान्य अर्थ नसतो. सिम्बॉल फाँट जवळ असेल तर तो ठिपका, नसेल तर काहीच नाही. फाईल मोबाईलवर उघडली, तिथल्या एखाद्या ॲपनं पीडीएफ केली आणि त्या ॲपला हा संकेत ठाऊक नसला, की ते 'माझ्याकडे या आकड्याचं अक्षर नाही' हे सांगणारं चिन्ह छापतं. ते चिन्ह म्हणजे तो उभट चौकोन. मराठी मजकूर मात्र युनिकोडात असतो, त्यामुळे तो सुखरूप पोचतो. म्हणून संशय येत नाही. सगळं कसं नीट छापलंय, फक्त ओळींच्या आधी चौकोन आहेत, म्हणजे ते मुद्दामच काढले असतील असं वाटतं. काही ॲप वेगळी वाट धरतात. ती १८३ हा आकडा साध्या लॅटिन तक्त्यात शोधतात आणि तिथे असलेला बारीक मध्यबिंदू लावतात. मग भरीव ठिपक्याच्या जागी डासाएवढा ठिपका येतो. ते निदान चालून जातं.

बुलेटचं स्वतःचं, सर्वमान्य घर आहे. युनिकोडमध्ये ते सोळाच्या पटीतल्या मोजणीनं २०२२ आणि आपल्या नेहमीच्या मोजणीनं ८२२६ क्रमांकाचं. तिथला ठिपका घेतला तर तो कुठल्याही फोनवर, कुठल्याही छापखान्यात ठिपकाच राहतो. विंडोजवर नंबरपॅड चालू ठेवून ऑल्ट धरून ०१४९ दाबलं की तो येतो. मॅकवर ऑप्शन आणि ८. वर्डमध्ये बटणातूनच हवा असेल तर बुलेटच्या बाणावर 'डिफाइन न्यू बुलेट', तिथे 'सिम्बॉल', आणि उघडणाऱ्या खिडकीत वरच्या फाँटाच्या रकान्यात 'नॉर्मल टेक्स्ट' निवडून खालच्या क्रमांकाच्या रकान्यात २०२२ लिहायचं. एवढ्यानं ठिपका त्याच फाँटाचा होतो ज्यात आपण लिहितोय. दोन मिनिटांचं काम आहे, आणि एकदा टेम्प्लेटमध्ये करून ठेवलं की पुन्हा करावं लागत नाही. या घराच्याही स्वतःच्या अडचणी आहेत. ८२२६ हा आकडा यूटीएफ-८ पद्धतीनं साठवताना तीन तुकड्यांत जातो, २२६, १२८ आणि १६२. वाचणाऱ्या प्रणालीनं तो मजकूर जुन्या विंडोज तक्त्यानं वाचला तर तीन तुकड्यांची तीन वेगळी अक्षरं होतात: डोक्यावर टोपी असलेला रोमन ए, युरोचं चिन्ह आणि सेंटचं चिन्ह. इंग्रजी ईमेलमध्ये प्रत्येक मुद्द्याआधी असा युरो दिसला की त्यामागे एक ठिपका आहे हे ओळखावं. मराठीत ही चूक अशी एकटी येत नाही. ठिपक्यासकट सगळा मजकूरच अशा अनोळखी चिन्हांचा होतो, त्यामुळे ती निदान लगेच पकडली जाते.

जास्त त्रास देतात ते विंगडिंग्ज फाँटातले सुशोभित ठिपके. बुलेटच्या यादीतला छोटा काळा चौकोन हा विंगडिंग्जमध्ये जिथे बसतो, तिथे साध्या फाँटात परिच्छेद-खंडाचं वळसेदार चिन्ह असतं. बाणाच्या टोकाच्या जागी साध्या फाँटात तिरकी रेघ मारलेला ओ असतो. 'बरोबर'च्या खुणेच्या जागी दोन टिंबांचा यू. चार छोट्या हिऱ्यांच्या जागी साधा व्ही, आणि सावली असलेल्या चौकोनाच्या जागी क्यू. नोकरीच्या अर्जात प्रत्येक कौशल्याआधी दोन टिंबांचा यू आला की वाचणारा गोंधळतो, आणि लिहिणाऱ्याच्या पडद्यावर मात्र सुबक खुणा दिसत असतात. त्याला ही चूक दिसण्याची काही सोयच नसते. म्हणून कागद बाहेर पाठवण्याआधी त्याची पीडीएफ आपणच करावी, ती दुसऱ्या यंत्रावर उघडावी, आणि त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघावा. नोटपॅडमध्ये जे दिसतं तेच शोधयंत्राला आणि अर्ज चाळणाऱ्या प्रणालीला दिसतं.

मराठीचा म्हणून एक वेगळा घोळ दुसऱ्या पायरीच्या बुलेटमध्ये आहे. वर्डमध्ये यादीच्या आत यादी केली की दुसऱ्या पायरीला पोकळ वर्तुळ येतं. ते वर्तुळ म्हणजे कुरिअर न्यू फाँटातलं छोट्या लिपीतलं रोमन ओ. वेब पानांवरही न सांगता हाच क्रम असतो: आधी भरीव चकती, मग पोकळ वर्तुळ, मग चौकोन. इंग्रजीत पोकळ वर्तुळ खपून जातं. देवनागरीत ते थेट शून्य होतं. 'ठेव रक्कम' या मुद्द्याखाली दुसऱ्या पायरीला '५०० रुपये' लिहिलं की कागदावर वाचलं जातं ०५००. दर, वेळा, तारखा, वजनं, यातलं काहीही ओळीच्या सुरुवातीला असेल तर हे होणारच. पुष्कळ जण मग वर्तुळाऐवजी आडवी रेघ घेतात, आणि रेघेपुढे ५०० आले की ते वजा ५०० वाटतात. एक्सेलमध्ये तर रेघेनं सुरू होणारी ओळ गणित समजली जाते आणि घरात मजकुराऐवजी चूक झाल्याचा संदेश येतो. तिथे आधी एकेरी अवतरण टंकावं लागतं. साधा उपाय एकच: मराठीत दुसऱ्या पायरीला रेघ ठेवावी आणि ओळीची सुरुवात आकड्यानं न करता शब्दानं करावी. 'ठेव ५०० रुपये'. शब्द पुढे असला की ठिपका, रेघ, शून्य, कशाचाच अर्थ बदलत नाही.

ठिपका टंकणं आणि यादी करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

हा फरक सगळ्यात आधी कळतो तो ऐकणाऱ्याला. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरत असतो. एनव्हीडीएसारखं सॉफ्टवेअर खऱ्या यादीशी पोचलं की आधी सांगतं, 'यादी, चार घटक'. ऐकणाऱ्याला अंदाज येतो की किती ऐकायचं आहे. एल हे अक्षर दाबून तो पुढच्या यादीवर उडी मारू शकतो, आय दाबून पुढच्या घटकावर. तीच यादी कुणी हातानं ठिपका, मग स्पेस, मग मजकूर, मग एंटर अशी केलेली असली तर त्याला चार सुटे परिच्छेद ऐकू येतात. किती आहेत, कुठे संपतात, काही कळत नाही. वेब पानावर खरी यादी म्हणजे एचटीएमएलमधला यूएल हा टॅग आणि त्याच्या आत प्रत्येक घटकाला एलआय. त्यांना न जुमानता प्रत्येक ओळीपुढे ठिपका चिकटवला तर डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. आणखी एक खाच आहे. देखणेपणासाठी ठिपके लपवायचे म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, लिस्ट-स्टाइल 'नन' केलं, तर सफारीमध्ये व्हॉइसओव्हर हा ॲपलचा स्क्रीन रीडर त्याला यादी म्हणणंच सोडून देतं. तेव्हा यूएलवर 'रोल' म्हणून 'लिस्ट' असं वेगळं लिहावं लागतं.

आणि डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही फरक पडतोच, फक्त तो उशिरा पडतो. यादीचं खरं काम ठिपका करत नाही, ठिपक्याखालची मोकळी पट्टी करते. घटक एका ओळीत मावला नाही की दुसरी ओळ ठिपक्याच्या खाली न जाता पहिल्या ओळीतल्या मजकुराखाली यायला हवी. ठिपके मग एका अंगाला, मोकळ्या जागेत, एकटे उभे राहतात आणि डावीकडून नजर टाकली की मोजता येतात. वर्ड साधारणपणे ठिपका पाव इंचावर आणि मजकूर अर्ध्या इंचावर ठेवतं, म्हणजे मधली पट्टी पाव इंच, १८ पॉइंट. ११-१२ पॉइंटच्या मजकुराला ती जरा ऐसपैस आहे, अरुंद रकान्यात तर फारच. ती बदलायची तर पानाच्या वरच्या मोजपट्टीवरचे दोन त्रिकोण बघावेत. वरचा, टोक खाली असलेला त्रिकोण पहिली ओळ कुठून सुरू होते ते ठरवतो. खालचा, टोक वर असलेला, उरलेल्या ओळी. त्याखालची छोटी आयताकृती मूठ धरून ओढली तर दोन्ही एकत्र सरकतात, आणि घोटाळा इथेच होतो: पट्टी कमी करायची असते आणि सगळी यादीच सरकते. पानं जुळवायच्या इनडिझाइनमध्ये हेच काम डावा समास अधिक आणि पहिल्या ओळीचा समास तेवढाच उणे करून होतं, १४ आणि उणे १४. हे काहीच न करता स्पेसबार दाबदाबून दुसरी ओळ जागेवर आणणारे दस्तऐवज जागोजागी भेटतात. फाँट बदलला, आकार एकानं वाढवला, कागद ए-फोरचा लीगल झाला, की त्या सगळ्या स्पेस ओळीच्या मधोमध उघड्या पडतात. एकाच घटकात नवी ओळ हवी असेल, नवा ठिपका नको असेल, तर एंटरऐवजी शिफ्ट धरून एंटर. पायरी उतरायला टॅब, चढायला शिफ्ट-टॅब. नवा ठिपका आल्यावर एकदा बॅकस्पेस दाबला तर ठिपका जातो पण मजकूर त्याच रेषेत राहतो, आणि एकाच मुद्द्याचा दुसरा परिच्छेद लिहायला नेमकं हेच लागतं.

वाणसामानाच्या यादीला ठिपका कधी लागला नाही, तो याचमुळे. वर 'श्री', खाली तूरडाळ २ किलो, गूळ १ किलो, हिंग १ डबी. प्रत्येक जिन्नस एका ओळीत मावतो, तेव्हा नवी ओळ हीच खूण. वजनं उजवीकडे एका रेषेत आली की दुकानदाराची नजर दोनदा खाली जाते, एकदा नावांवरून, एकदा मापांवरून. मोडीत शब्दांमध्येही जागा न सोडता, आधी आखलेल्या रेघेला अक्षरं टांगत मजकूर सलग धावायचा, पण त्याच दप्तरांत याद्या आहेत, तपशील आहेत, कलमबंदी आहे. बाब वेगळी काढायची गरज जुनीच आहे, तिला ठिपक्याचा वेष नवा. टंकलेखन यंत्रावर तर भरीव ठिपक्याची कळच नव्हती. इंग्रजी यंत्रावर लोक फुली किंवा रेघ वापरायचे, आणि कुणी हौशी टंकलेखक छोटा ओ टंकून कागद बाहेर काढल्यावर त्याचं पोट पेनानं भरायचा. एक-एक भरायचं म्हटल्यावर माणूस किती मुद्दे करायचे ते विचारपूर्वक ठरवत असेल. आता कळ दाबली की ठिपका येतो आणि एंटर दाबलं की पुढचा आपणहून येतो, रिकामा. तो रिकामा ठिपका मजकूर मागत राहतो. त्याच्यासाठी म्हणून लिहिलेली शेवटची ओळ यादीत वाचताना ओळखू येते.

देवनागरीत ठिपक्याच्या जागेचाही प्रश्न आहे, आणि तो छापणाऱ्यांनी फारसा मनावर घेतलेला नाही. रोमन अक्षरं पायरेषेवर उभी असतात. बुलेटची उंची रोमन मोठ्या अक्षराच्या कमरेशी बेतलेली असते. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली. अनेक फाँटांत शिरोरेषा रोमन मोठ्या अक्षराच्या माथ्याहून खाली असते, त्यामुळे अक्षराचं पोट ठिपक्याच्या खाली राहतं आणि ठिपका शिरोरेषेकडे चढल्यासारखा दिसतो. छोट्या आकारात तर पुढच्या अक्षरावरचा अनुस्वार आणि बाजूचा ठिपका एकमेकांचे भाऊ वाटू लागतात. वर्डमध्ये 'डिफाइन न्यू बुलेट'मध्येच 'फाँट' नावाचं बटण आहे. त्याच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'पोझिशन' 'लोअर्ड' करून १ पॉइंट द्यावा. इनडिझाइनमध्ये बुलेटसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल करून बेसलाइन शिफ्ट उणे १. बारा पॉइंटला एवढं पुरतं, मथळ्याच्या आकारात जास्त लागेल. आकाराचाही असाच गुंता. वर्डच्या फाँट खिडकीत रोमन आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' यांचे आकार वेगळे लिहिलेले असतात. मराठी दुसऱ्या रकान्यातला आकार घेते, ठिपका पहिल्या. मजकूर १६ चा आणि ठिपका ११ चा, असा पोरका ठिपका दिसला तर तिथे बघावं. आणि मजकूर साधा असताना ठिपका मात्र ठळक किंवा लाल का झाला, याचं उत्तर ओळीच्या शेवटी असलेल्या अदृश्य परिच्छेद-खुणेत असतं. ठिपका तिचा रंग आणि जाडी उचलतो. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून ती खूण दिसती करावी, तेवढीच निवडावी आणि तिचा ठळकपणा काढावा. अर्धा तास डोकं फोडणाऱ्याला हे माहीत असतं तर किती बरं झालं असतं.

क्रमानं सांगायचं तिथे ठिपका नकोच, आकडे हवेत. पाककृतीत साहित्याला ठिपके चालतील, कृतीला आकडे. ज्या बाबीचा पुढे उल्लेख होणार आहे तिथेही आकडेच, 'वरील तिसऱ्या ठिपक्यानुसार' असं कुणी लिहीत नाही. मराठीत पोटक्रमांक अ, ब, क, ड असे चालतात. ही बाराखडीची क्रमवारी नाही, ती ए, बी, सी, डीची मराठीतली सावली आहे, पण शाळेपासून शासन निर्णयापर्यंत तीच रूढ आहे. वर्डच्या तयार क्रमांकांत हिंदी स्वर आहेत, हिंदी व्यंजनं आहेत, हिंदी अंक आहेत. अ, ब, क, ड नाही. तिथे हातानंच काम करावं लागतं. वेब पानावर देवनागरी अंकांसाठी लिस्ट-स्टाइलला 'देवनागरी' एवढं सांगितलं की १, २, ३ येतात, आणि अ, ब, क, डसाठी काउंटर-स्टाइलचा नियम लिहून अक्षरं ओळीनं द्यावी लागतात. साध्या मजकुरात खुणा टाकून मांडणी करायच्या मार्कडाउनमध्ये इंग्रजी 1 आणि टिंब टंकलं की यादी होते, देवनागरी १ आणि टिंब टंकलं तर होत नाही, तो साधा परिच्छेदच राहतो. व्हॉट्सॲपनं २०२४ च्या फेब्रुवारीत याद्या आणल्या, ओळीच्या सुरुवातीला रेघ आणि स्पेस दिली की ठिपका. आता घराघरांतल्या ग्रुपवर लग्नाच्या तयारीपासून दहाव्याच्या वेळेपर्यंत सगळं ठिपक्यांत येतं.

दहाव्याची वेळ ठिपक्यांत वाचताना कुठेतरी टोचतं. का, ते सांगता येणं अवघड नाही.

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न असायचा, 'दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट तयार करा'. गरीब लाकूडतोड्या – नदीकाठ – कुऱ्हाड पाण्यात – देवता प्रसन्न – सोन्याची कुऱ्हाड – नकार. मुद्दे सगळ्यांना तेच. गुण मिळायचे ते मुद्द्यांच्या मधल्या रेघांच्या जागी काय लिहिलं त्याचे. 'नकार'च्या आधी 'तरीही' लिहिणारा आणि 'आणि' लिहिणारा यांच्या गोष्टी वेगळ्या व्हायच्या. पहिल्याचा लाकूडतोड्या मोहाशी झगडतो, दुसऱ्याचा फक्त नाही म्हणतो. म्हणून, पण, कारण, तोपर्यंत, नाहीतर. व्याकरणात यांना उभयान्वयी अव्ययं म्हणतात आणि दोन ओळींत संपवतात, पण एका गोष्टीचा दुसरीशी काय संबंध आहे ते हेच शब्द सांगतात. बुलेटची अट अशी की प्रत्येक ओळ स्वतंत्र, इतरांच्या बरोबरीची आणि जागा बदलली तरी चालेल अशी हवी. म्हणजे ठिपका लावला की हे शब्द गळायलाच हवेत. 'म्हणून'नं सुरू होणारा ठिपका कुणी लिहीत नाही, तो विचित्र दिसतो. वर्षानुवर्षं आपण मुद्द्यांची गोष्ट करायला शिकलो, आणि नोकरीत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात गोष्टीचे मुद्दे करायला. हे दुसरं काम सोपं वाटतं. त्यात काय फेकलं गेलं ते फेकणाऱ्याला दिसत नाही, कारण ते त्याच्या डोक्यात शाबूत असतं.

२००३ च्या जानेवारीत, १६ तारखेला, नासाचं कोलंबिया यान सुटलं आणि ८० हून थोड्या जास्त सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निघून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि निष्कर्ष स्लाइडवर मांडले. त्यातली एक स्लाइड पुढे फार चर्चेत आली. मथळा दिलासा देणारा, की चाचण्यांवरून आपलं गणित सावध बाजूचं दिसतं. त्याखाली ठिपके, ठिपक्यांखाली रेघा, रेघांखाली आणखी छोटे ठिपके, मथळा धरून सहा पायऱ्या. आणि अगदी खालच्या पायऱ्यांवर, सगळ्यात लहान अक्षरांत, असं की प्रत्यक्ष उड्डाणातली स्थिती चाचण्यांच्या माहितीच्या बरीच बाहेरची आहे, तुकड्याचं आकारमान १९२० घन इंच आणि चाचणीतल्या तुकड्याचं ३. म्हणजे ६४० पट. चाचणी लागूच होत नाही, एवढा हा आकडा मोठा होता. वाक्यात लिहिलं असतं तर 'पण' लिहावं लागलं असतं: चाचण्यांवरून दिलासा मिळतो, पण त्या चाचण्या याच्या ६४० पट लहान तुकड्यावर केल्या होत्या. 'पण'च्या पुढे जे येतं ते मराठीतही आणि इंग्रजीतही वाक्याचा जोर खेचून घेतं. ठिपक्यांच्या उतरंडीत मात्र जे खाली ते कमी महत्त्वाचं, असाच डोळ्यांचा समज असतो. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. एका स्लाइडमुळे हे घडलं असं म्हणणं चूक ठरेल, कारणं पुष्कळ होती आणि जुनी होती. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची चिकित्सा आहे. ती माहितीची दृश्य मांडणी या विषयाचे जाणकार एडवर्ड टफ्टी यांनी केलेली. मंडळाचं म्हणणं असं की ही स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठाला जिवावरच्या धोक्याची कल्पना न येणं समजण्यासारखं आहे. त्या तळाच्या ओळीपर्यंत डोळे नेऊन तिला वर आणणारं कुणी तिथे नव्हतं, हे वाचताना अजून पोटात कालवतं.

तेव्हा ठिपका लावण्याआधी ओळींची अदलाबदल करून बघावी. अर्थाला काहीच झालं नाही तर ती यादी, खुशाल ठिपके लावावेत. एक ओळ हलवल्याबरोबर दुसरी लंगडी पडली तर ती यादी नाही. लिफ्टमधला कागद असाच होता. टाकी धुणं आणि पाणी बंद राहणं या दोन बाबी नव्हेत, एकाचं दुसरं कारण. पंपाची दुरुस्ती वेगळ्या दिवसाची. आणि टँकर? तो शनिवारचा की रविवारचा, की दोन्ही दिवसांचा? लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्याला ओळ पुरेशी वाटली. 'शनिवारी टाकी धुणार असल्यामुळे सकाळी ८ ते सायंकाळी ६ पाणी बंद राहील. त्या वेळेत टँकर येईल. रविवारी पंपाची दुरुस्ती आहे, पण पाणी चालू राहील.' तीन वाक्यं, एकही ठिपका नाही, आणि चौकोन व्हायला काही शिल्लकच नाही. 'त्या वेळेत' आणि 'पण पाणी चालू राहील' हे तुकडे चार ओळींत कुठेच नव्हते. ते लिहिणाऱ्यानं लपवलेले नव्हते, मांडणीत त्यांना जागाच नव्हती. आधीच्या चिकटपट्टीचे डाग असलेल्या त्या पत्र्यावर फाँट नीट, शुद्धलेखन नीट, तारीख-सही नीट असा कागद होता, आणि लोक चौकीदाराला विचारत होते की बादल्या कधी भरून ठेवायच्या.

शुक्रवारी संध्याकाळी तो कागद तसाच होता. बॉलपेनच्या त्या दोन खुणांशेजारी आता कुणीतरी, बहुधा वेगळ्याच पेनानं, चौथ्या ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत एक वळणदार बाण काढलेला होता आणि बाणाच्या पोटाशी लिहिलं होतं, 'तेव्हा'.